परतीच्या वाटेवर तारा नव्हता

दिवाळीत न खपलेले आकाशकंदील आमच्याकडचे दुकानदार डिसेंबरात पुन्हा बाहेर काढतात. टोकं असलेले असतील तर ते नाताळचे तारे होतात, गोल असतील तर आणखी एक वर्ष माळ्यावर जातात. परवा आईच्या ब्लाउजसाठी अस्तर घ्यायला हुबळीच्या दाजीबानपेठेत गेले होते, तर कापडाच्या दुकानाशेजारी असे तारे एका दोरीला ओळीने लटकत होते. लाल, पिवळे, एक भडक जांभळा. वायरी-होल्डरवाला दुकानदार मला ओळखतो, कारण दरवर्षी मी त्याच्याकडूनच सामान नेते. "अक्का, यंदा स्टार?" त्याने गल्ल्यावरूनच हाक दिली. मी "बेडा" म्हणाले. नको. तो बिचारा हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आमच्यात तारा नको म्हणणं म्हणजे काय सांगणं असतं, हे त्याला कुठून कळणार.

आम्ही मराठी ख्रिस्ती. हुबळी-धारवाडात आमची घरं मोजकी. आजोबा मिरजेकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. रविवारची उपासना कन्नडमधून, घरची प्रार्थना मराठीतून, आणि भांडण दोन्हींतून, असं आमचं चालतं. नाताळ जवळ आला की मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, प्रत्येक घरावर तारा चढतो. ज्या घरात त्या वर्षी मयत झालेली असते तिथे मात्र तो लागत नाही. हा नियम कुणी केला ते कुणाला माहीत नाही, पण मोडलेलाही कुणी पाहिला नाही. संध्याकाळी गाणारी मंडळी घरोघर निघतात ती तारे बघत जातात. तारा असला की अंगणात उभं राहून गाणी, टाळ्या, मग करंज्या-शंकरपाळी. तारा नसला की आवाज न करता आत जायचं, खाली मान घालून बसायचं, पाळकसाहेबांनी प्रार्थना करायची, नुसता चहा घ्यायचा आणि निघायचं. घरात काय झालंय ते रस्त्यावरूनच समजतं. कुणाला काही विचारावं लागत नाही, ही केवढी सोय आहे.

एका वर्षी मात्र आमच्या घराला ही सोय पुरली नाही.

त्या वर्षी भर पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ आशिष ऑफिसातल्या मित्रांबरोबर दांडेलीकडे गेला. नदीकाठच्या खडकावर उभा राहून फोटो काढून घेत होता. पाय सरकला. मित्रांच्या डोळ्यांदेखत गेला. पाणी लालभडक होतं, त्यात दोनदा डोकं दिसलं म्हणे आणि मग नाही. शोधणारे उतरले, पाणी चढलं म्हणून थांबले, ओसरल्यावर पुन्हा उतरले, आणि मग कारण न सांगता थांबले. आशिष सापडला नाही. एवढीच ती हकिगत. लोकांना त्यात आणखी काहीतरी हवं असतं, त्याचं शेवटचं बोलणं वगैरे. तसलं काही नाही. जाताना तो "अक्का, माझा चार्जर कुठं ठेवलीस?" असं माझ्यावरच ओरडला होता आणि चार्जर त्याच्याच बॅगेत होता.

सांत्वनाला आलेल्या माणसांचा मला त्या दिवसांत फार राग आला. आजही येतो, आणि मी तो लपवत नाही. एक जण देवाच्या योजनेबद्दल बोलले. दुसऱ्या बाईंनी त्यांच्या लांबच्या नात्यातला कोणी कसा वाहून गेला आणि आठवड्याने हसत घरी आला ते सांगितलं, आणि आईच्या डोळ्यांत जे पेटवलं ते विझवायला पुन्हा त्या आल्या नाहीत. आमच्या रायापूरच्या गल्लीतल्या एक आजी मात्र मनापासून चांगल्या. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "असं रडू नये बाई. तुझा लेक तारा झालाय बघ आभाळातला."

आईने हात सोडवून घेतला नाही. शांतपणे म्हणाली, "आमच्यात माणसं तारा होत नाहीत, आजी. आमच्यात माती होते."

आणि तेच तर झालं नव्हतं. पेटी नाही, कबर नाही, वर मूठमूठ माती टाकणं नाही. मंडळीतले वडीलधारे अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, म्हणाले, एक स्मरणाची उपासना तरी करू. अप्पा तयार होते. आई म्हणाली, "कुणाची?" अप्पा म्हणाले, "अगं, पोरांनी डोळ्यांनी बघितलंय." आई म्हणाली, "बुडताना बघितलंय. मेलेला बघितलंय का कुणी?" मी शाळेत विज्ञान शिकवते, पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये असं मुलांना रोज सांगते, आणि माझ्याच घरात आईने ते वाक्य माझ्यासमोर धरलं होतं.

मग पाऊस संपला, शेतांतली ज्वारी वाढली, धारवाडची थंडी पडली. इथली डिसेंबरची संध्याकाळ मला अजून तशीच्या तशी अंगावर येते. पाचनंतर ऊन एकदम पातळ होतं, रस्त्याकडेला कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला असतो, त्याचा धूर वर न जाता गुडघ्याएवढ्या उंचीवर पसरून राहतो. आभाळ मात्र धुऊन काढल्यासारखं होतं. आम्ही लहान असताना अप्पा अशा वेळी आम्हाला गच्चीवर न्यायचे. रेल्वेच्या वर्कशॉपमधून आलेले, हाताला ग्रीसचा वास, आणि उजेड असतानाच बोट वर करून उभे. पहिला तारा जो दाखवेल त्याला त्यांच्या ताटातला अंड्याचा अर्धा भाग. आशिष दरवेळी रायापूरच्या टेकडीवरच्या दिव्याकडे बोट दाखवायचा आणि अंडं मिळवायचा. मी तक्रार केली की अप्पा म्हणायचे, "असू दे गं. त्यानं वर तर बघितलं की नाही?"

अप्पा मंडळीत वडील होते, म्हणजे पंचांपैकी एक. नाताळाआधी घरोघरी मराठी प्रार्थनासभा व्हायच्या, त्यात एक सभा त्यांच्याकडे असायची आणि विषय ठरलेला: मागी लोकांचा तारा. पूर्वेकडचे ते शहाणे लोक, त्यांना दिसलेला येशूच्या जन्माचा तारा, त्या उजेडावर भरवसा ठेवून केलेला लांबचा प्रवास. "तारा हुकूम देत नाही, ओढून नेत नाही. तो दिसतो. चालायचं आपल्याला असतं," हे त्यांचं शेवटचं वाक्य. आम्हा दोघांना ते भाषण खोकल्याच्या जागांसकट पाठ होतं. आशिष जेवताना त्यांची नक्कल करायचा, आणि अप्पा रागावल्याचं नाटक करत कान देऊन ऐकायचे.

त्या डिसेंबरात अप्पांनी आपली सभा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकली. घरात ते एवढंच म्हणाले, "यंदा तारा लावायचा नाही."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदराला हात पुसत उभी राहिली. "का? कोण गेलंय?"

हे तिने ओरडून विचारलं नव्हतं, रडूनही नाही. उत्तर ऐकायची तिची पूर्ण तयारी होती, फक्त ते अप्पांनी स्वतःच्या तोंडाने द्यायला हवं होतं. अप्पा खुर्चीत बसून राहिले. त्यांचे ओठ हलले. आशिषचं नाव घ्यायचं आणि पुढे एक क्रियापद लावायचं, एवढं सोपं होतं ते. त्यांना जमलं नाही. मी दारात उभी होते, आणि मनातल्या मनात दोघांनाही गप्प बसा म्हणत होते.

आमच्याकडे तारा विकत आणायची पद्धत नव्हती. तो आशिष करायचा. बांबूच्या कामट्या, दोरा, गव्हाच्या पिठाची खळ, आणि पतंगाचा पांढरा कागद. त्या वर्षी आई बसली. तिला कामट्या तासायला येत नव्हत्या. दोन बोटं कापून घेतली, कागद सुरकुतला, एक टोक दुसऱ्यापेक्षा लांब झालं. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू पेपर तपास जा." तो वाकडा तारा तिने स्वतः स्टुलावर चढून दाराच्या वर बांधला. आत होल्डर, होल्डरमध्ये बल्ब. संध्याकाळी तिने बटण दाबलं. तारा लागला नाही.

अप्पांनी दुपारीच बल्ब दोन आटे सैल करून ठेवला होता. मला कळलं, कारण स्टूल परत जागेवर ठेवताना त्यांनी मला बघितलं आणि नजर वळवली. आईलाही कळलं असणार. पण तिने विचारलं नाही. रोज दिवेलागणीला ती बटण दाबायची, वर बघायची, आणि चपात्यांकडे वळायची. झोपण्याआधी बटण बंद करायची. न लागलेला दिवा ती रोज लावत होती आणि रोज मालवत होती. अप्पा पेपर तोंडासमोर धरून ते आवाज ऐकत बसायचे. तीन माणसांच्या त्या घरात सगळे जण सगळं समजून होते आणि बोलणं फक्त नळाच्या पाण्याबद्दल व्हायचं. हुबळी-धारवाडात नळाच्या पाण्यावर कितीही दिवस बोलता येतं, ते एक बरं.

गाणारी मंडळी आली त्या संध्याकाळचं बोलायचं आहे. ते टाळत मी इथवर आले.

दिवेलागण नुकतीच झाली होती. गल्लीच्या तोंडाशी ढोलकी ऐकू आली आणि जवळ येता येता थांबली. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. सगळे आमच्या फाटकाबाहेर उभे होते आणि वर बघत होते. दारावर तारा होता, पण काळोखा होता. त्यांना काय करावं कळेना. तारा आहे म्हणजे गायचं, उजेड नाही म्हणजे गायचं नाही, आणि दोन्ही एकदम असलेलं घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आत आई फराळाचं ताट घेऊन उभी होती. तिने केलं होतं सगळं, करंज्यासुद्धा. अप्पा आतल्या खोलीत कॉटवर बसलेले. बाहेरची कुजबुज कन्नडमधून मराठीत आणि मराठीतून कन्नडमध्ये जात होती.

तेवढ्यात दानिएलकाका पुढे झाले. दानिएलकाका म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले वायरमन, अप्पांचे वर्कशॉपमधले सोबती, पोट सुटलेले, सदा घाईत. मंडळीतल्या अर्ध्या घरांचं वायरिंग त्यांनी केलंय, आणि बंद दिवा दिसला की त्यांच्या हाताला खाज सुटते. आमच्या घरातलं त्यांना माहीत नव्हतं असं नाही. आशिषला शोधायला गेलेल्यांत ते होते. पण त्या क्षणी त्यांना फक्त बल्ब दिसला. "बल्ब होगैत्री," ते मागे वळून म्हणाले, बल्ब गेलाय हो. ओट्यावरची खुर्ची ओढली, वर चढले, हात घालून चाचपलं. "गेला नाही, सैल झालाय की," असं स्वतःशी म्हणत दोन आटे पिळले.

बटण आईने नेहमीसारखं दाबलेलंच होतं. तारा लागला.

एवढा उजेड एका साध्या बल्बचा असू शकतो असं मला वाटलं नव्हतं. सुरकुतलेल्या कागदातून तो सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पडला आणि लोकांनी तो निरोप समजला. या घराने गायला सांगितलंय. ढोलकी सुरू झाली. जन्माचं, आनंदाचं गाणं, टाळ्यांसकट. आईने दार उघडलं. ताट धरून उंबऱ्यात उभी राहिली, आणि तिचा चेहरा असा झाला होता की जणू आशिष त्या घोळक्यात मागे कुठेतरी उभा आहे आणि आता पुढे येईल. ती खरंच एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. ते मला बघवलं नाही.

गाणं अर्ध्यात होतं. अप्पा बाहेर आले. बनियनवर, अंगात शाल नाही. त्यांनी हात वर केला तशी ढोलकी थांबली, मग एकेक आवाज थांबला.

"पाळकसाहेब," अप्पा म्हणाले, "एवढे सगळे आलाय तर मातीचं गीत म्हणा. माझ्या पोराला कुणी म्हटलं नाही."

मातीचं गीत म्हणजे कबरीपाशी म्हणायचं गीत. पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी पुस्तकावरून मान वर केली आणि आईकडे बघितलं.

"माझ्या दारात नाही," आई म्हणाली. "म्हणायचं नाही."

"अगं, त्याला..."

"तुमचा मेला असंल. माझा सापडला नाही."

अप्पा लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले, सगळ्यांसमोर, पावसाळ्यानंतर पहिल्यांदा. आईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती ताट पुढे करत राहिली, "घ्या की, घ्या," आणि ज्यांनी करंजी घेतली त्यांना ती हातात धरून उभं राहावं लागलं, कारण खाताही येईना आणि परत ठेवताही येईना. शेवटी पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना केली. त्यांनी आशिषचं नाव घेतलं, पण तो कुठे आहे ते सांगितलं नाही. त्याला मागितलं नाही, आणि सोपवलंही नाही. इतकी सांभाळून केलेली प्रार्थना मी दुसरी ऐकलेली नाही. ती देवाला कळली असेल तर कळो.

निघताना दानिएलकाका पुन्हा खुर्चीवर चढायला लागले. त्यांना आपली चूक उमगली होती, कपाळावर घाम होता. आई म्हणाली, "राहू दे, दानिएलभाऊ. लागलाय तो लागू दे."

तो लागला तो लागलाच. पुढे दरवर्षी आमच्या घरावर तारा असायचा आणि तो पेटायचा. मंडळींनीही हळूहळू स्वतःपुरता मार्ग काढला: आमच्या दारात एकच गाणं, हलक्या आवाजात, टाळ्या नाहीत. अप्पा त्या महिन्यात लवकर जेवून भिंतीकडे तोंड करून पडायचे. दोघांच्यात बोलणं बंद झालं असं नाही. भाजी, औषधं, कुणाचं लग्न, सगळं बोलायची. फक्त पोटचं पोर एकाच्या लेखी गेलं होतं आणि दुसरीच्या लेखी यायचं होतं, आणि दोघं एकाच छपराखाली वेगवेगळ्या घरांत राहिल्यासारखी राहिली.

या काळात माझं ताऱ्याशी वाकडं आलं. नाताळचे मेसेज मोबाइलवर येऊन पडतात ना, चमचमता तारा आणि खाली प्रकाश तुमची वाट उजळो वगैरे, ते मी न वाचता पुसायची. ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचतो तोवर तो किती जुना झालेला असतो, हे मी वर्गात शिकवते. मुलांचे डोळे विस्फारतात. माझ्या मनाला त्याने कधी थंडावा दिला नाही. जुना असो की ताजा, तो उजेड नदीच्या तळाशी जात नाही. मला तेवढंच दिसायचं.

मग एका डिसेंबरात मी ती मागी लोकांची गोष्ट पुन्हा वाचली. भक्तीने नाही, जरा चिडूनच. पेपर तपासायला बसते तशी. आणि मला धक्का बसला. लहानपणापासून नाटकात बघितलेल्या त्या गोष्टीत तारा त्यांना सरळ गोठ्यापाशी नेत नाही. मध्येच ते राजवाड्यात जातात. राजा जन्मलाय तर राजवाड्यातच असणार, असा शहाण्या माणसांचा हिशेब. चुकीच्या दारात त्यांनी चौकशी केली, आणि त्या चौकशीची किंमत बाळ जन्मलेल्या गावातल्या आईबापांनी भरली. तिथल्या हेरोद राजाने आपल्या गादीच्या भीतीने त्यांची लहान मुलं मारली. जिच्यावर आम्ही चमकी लावतो त्याच गोष्टीत, पुढच्या काही ओळींत, आया रडतायत. तिथे शास्त्र एका आईबद्दल सांगतं, की ती समजूत घालून घेत नाही, कारण मुलं नाहीत. बस. त्या आईला कुणी गप्प करत नाही. योजना समजावून सांगत नाही. तिचं समजूत न घालून घेणं तसंच लिहून ठेवलंय, ताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. आमच्या कुठल्याही नाताळात ती ओळ कुणी वाचलेली मला आठवत नाही. मी पुस्तक मिटलं आणि आतल्या खोलीत जाऊन उगाच आईचं पांघरूण नीट केलं.

अप्पा पुन्हा बोलले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. केळगेरीत, तिथल्या तळ्याजवळ, एकांच्या घरी सभा होती. ज्यांनी बोलायचं होतं ते आजारी पडले, आणि कुणीतरी सवयीने म्हणालं, अप्पा, तुम्ही बोला की. मला वाटलं, नाही म्हणतील. ते उठले. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मी इतकी वर्षं तुम्हाला जाण्याच्या वाटेचं सांगितलं. परतीच्या वाटेचं नाही सांगितलं. ते लोक दुसऱ्या वाटेने आपल्या देशी परत गेले. त्या वाटेवर तारा नव्हता. मी पुन्हा पुन्हा बघितलं, कुठं लिहिलेलं नाही. त्यांना स्वप्नात सूचना झाली होती. मला स्वप्नही पडत नाही." आणि बसले. घरमालकीणबाईंनी घाईने गाणं सुरू केलं.

परत येताना आम्ही तळ्याच्या बांधावरून चालत आलो. पश्चिमेला अजून लाली होती, पाण्यावर बदकं होती, आणि डोक्यावर दोन-चार तारे उगवले होते. अप्पांनी वर बघितलं नाही. मी विचारलं, "मग परत जाणाऱ्यानं काय बघून चालायचं, अप्पा?"

ते म्हणाले, "तारा बघितलेला आठवत चालायचं. दुसरं काय आहे हातात? एकदा खरंच दिसला होता, एवढं धरून." थोडं पुढे गेल्यावर आपणहून म्हणाले, "तुझी आई अजून जाण्याच्या वाटेवर आहे. तिला लागतो तारा. मी उगाच तिच्याशी भांडत बसलो."

त्या वर्षी आमच्या दारावरचा बल्ब अप्पांनी बसवला. म्हातारपणी स्टुलावर चढले, मी खाली स्टूल धरून उभी. आई दारात येऊन बघून गेली. त्या रात्री जेवणात तिने अप्पांच्या ताटात उकडलेलं अंडं न मागता वाढलं. मला हे सांगताना आनंद होतो, कारण त्या घराबद्दल आनंदाने सांगण्यासारखं फार थोडं आहे. यालाच मार्गदर्शन म्हणायचं असेल तर मला तेवढं मिळालं. तारा दुःखातून बाहेर काढत नाही. ज्या वाटेवर आपण नाही त्या वाटेवरच्या माणसासाठी तो धरून ठेवावा लागतो, एवढं मला अप्पांकडून समजलं.

यंदा श्रावणात अप्पा गेले. पाऊस थांबत नव्हता. कबरस्तानात खड्डा खणला की भरत होता, माणसं डब्यांनी पाणी उपसत होती. पेटी बाजूला झाकून ठेवली होती. आई छत्रीतून बाहेर आली, काठावर उभी राहिली आणि म्हणाली, "सगळं काढा. पाण्यात ठेवायचं नाही." तळाची ओली माती दिसेपर्यंत तिने कुणाला थांबू दिलं नाही. मग मातीचं गीत झालं. तिने ते पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, आवाज न कापता. मी नाही म्हणू शकले.

म्हणून दाजीबानपेठेत मी त्या दुकानदाराला नको म्हणाले. मयतीचं घर, तारा नाही. सगळ्या मंडळीला ते मान्य. पण घरी येताना बसमध्ये मी पुन्हा हिशेब करू लागले. अप्पांसाठी तारा लावायचा नाही, हे खरं. पण आशिषसाठी इतकी वर्षं तो लागत आलाय. या घरावर तारा नसला की आईच्या लेखी काय होईल, हे तिला विचारायला हवं होतं, आणि तिला विचारणारं आता मी सोडून कुणी उरलं नव्हतं.

आई ओट्यावर संध्याकाळच्या उजेडात बसली होती. मी अस्तर दिलं. तिने ते ब्लाउजवर लावून बघितलं, रंग जमला म्हणाली. मी शेजारी बसले.

"आई, ताऱ्याचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? अप्पा गेलेत की. तारा कसा लावणार?"

"ते बरोबर आहे गं. पण आशिषसाठी..."

ती सुईत दोरा ओवत होती. डोळ्यांना आता दिसत नाही, दोनदा हुकलं. मी हात पुढे केला तर तिने सुई दिली नाही, स्वतःच ओवली.

"अप्पांच्या पेटीत त्याचा स्वेटर ठेवलाय मी," ती म्हणाली. "निळा. तू पाळकसाहेबांना आणायला गेलीस की नाही, तेव्हा. पायाशी ठेवला, कुणाला दिसू नये म्हणून."

मी आणखी जवळ सरकले.

"भेटला तर द्या, असं सांगितलंय त्यांना. इतकी वर्षं पाण्यात गारठला असंल."

तिने टाका घातला, ओढला, आणि उसवल्या जागेवर अंगठा फिरवला. गल्लीत पहिले दिवे लागले होते.

"गाणारी मंडळी येतील तेव्हा चहाच ठेव," आई म्हणाली. "फराळ नको. आणि पाळकसाहेबांना आधी सांगून ठेव, प्रार्थना दोघांची करायची म्हणून."